साहेबांच्या मर्जीतले काका

खुर्चीवर बसलेल्या माणसाची स्तुती करण्यात माझ्या मावशीच्या यजमानांचा हात धरणारा अख्ख्या मालवणात कोणी नव्हता. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. शिक्षकांच्या बदल्या ज्यांच्या हाती, असे जे जे साहेब त्या काळात आमच्याकडे आले, त्यांना आपण किती देखणे, विद्वान आणि दयाळू आहोत हे प्रथम काकांकडून कळलं. एका साहेबांना गाण्याची हौस होती. ते गाऊ लागले की गल्लीतली कुत्री उठून जात आणि काका डोळे पुसत. दुसरे साहेब मासे खात नसत. काकांनी "मीही सोडलेत, साहेब" असं सांगून टाकलं, आणि साहेबांचं बिऱ्हाड शेजारीच असल्यामुळे आठ महिने काकांच्या चुलीवर मासा चढला नाही. मावशी करवादायची, "सायब खाय नाय, म्हणान आमी उपाशी रवाचा?"

हे सगळं एका कागदासाठी. त्यांची विधवा मुलगी शालूताई खारेपाटणला शिक्षिका होती; एकटी, दम्याने बेजार. तिची बदली मालवणला व्हावी म्हणून काका झिजत होते. साहेब "बघू" म्हणत आणि स्वतःच बदलून जात.

तिसऱ्या साहेबांच्या वेळी शालूताई मे महिन्याच्या सुट्टीत आली. काकांना जेवायला बोलवायला मी तिच्याबरोबर साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेब आरामखुर्चीत, आणि काका खाली बसून त्यांचा तळव्याला कुरूप झालेला पाय परातीतल्या गरम पाण्यात चोळत होते.

"मुलगी बदलून इथे आली की तुम्ही कसले आमच्याकडे फिरकताय!" साहेब म्हणाले, आणि हसले. काकाही हसले. मग त्यांना फाटकातली शालूताई दिसली.

घरी येताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, माका बदली नको."

वर्षभराने बदलीचा हुकूम निघाला. तिने लेखी नकार कळवला. साहेबांनी काकांना बंगल्यावर यायची बंदी केली, आणि शालूताई सुट्टीतही मालवणला येईनाशी झाली.

पुढे ती फार जगली नाही. त्याआधी एकदा काका मला सोबत घेऊन खारेपाटणला गेले होते. मध्येमध्ये भिंतीला टेकून श्वास घेत तिने स्वयंपाक केला.  साहेबांपुढे तास तास बोलणारे काका मान खाली घालून जेवत होते. मग म्हणाले, "भात बरो झालो गो."

शालूताईने त्यांच्या पानात आणखी थोडा भात वाढला.

"सावकाश जेवा, बाबा."