पहिल्या फेरीत न सुटलेली पानं

शरणूच्या प्रश्नाला उत्तर लिहीत बसलो होतो, तेव्हाच सोलापुरातून त्याच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. उत्तर जरा चिडूनच लिहीत होतो. कोडमधल्या एकाच बदलावर, म्हणजे पॅचवर, महिनोन्‌महिने डोकं घासल्यावर माणसाचं जे होतं, ते माझं झालं होतं. वहिनी म्हणाल्या, सकाळी चहा घेता घेता ह्यांच्या छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं... ते अर्धवट उत्तर तसंच ठेवून मी निघालो.

मी वैरागचा, तो वळसंगचा. सोलापुरात एकाच वर्गात आम्ही इंजिनिअर झालो. पुढं मी पुण्यात रमलो. तो बेंगळुरूची नोकरी सोडून सोलापुरात सात रस्त्याजवळच्या फ्लॅटवर परतला आणि घरूनच कर्नलचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याचा, कोड तपासू लागला. जगभरातली माणसं त्यात भर घालत असतात, आणि दुसऱ्या कुणी ती वाचून 'तपासला' म्हणत खाली आपलं नाव दिल्याशिवाय सहसा आत घेतली जात नाही. शरणूचं नाव मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे.

कॉलेजातही तो तसाच. खोलीला कुलूप लावून खाली उतरायचा, मग पुन्हा वर जाऊन, कुलूप उघडून नळ, पंखा, गॅसचा रेग्युलेटर बघून यायचा. त्याच्यामुळं आम्ही एकाही सिनेमाची सुरुवात पाहिली नाही. 'डबल राउंड' म्हणून चिडवायचो त्याला. तो हसायचा आणि जिना चढायचा.

माझा पॅच एन्क्लेव्हच्या मेमरीचा होता. एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालतात. त्यातल्या एखाद्याला गुपितं ठेवायला मेमरीचा असा कप्पा, एन्क्लेव्ह, देतात, की यंत्राच्या मालकालाही आत डोकावता येऊ नये. तो आभासी संगणक बंद झाला की कप्प्याचं पान न्‌ पान मोकळं करून परत घ्यायचं, एवढंच माझ्या कोडचं काम; पान म्हणजे मेमरीचा एक छोटा खण. मेख अशी की कप्प्याचं एक मुख्य पान असतं, आणि हाताखालची सगळी पानं सुटल्याशिवाय ते सुटत नाही. माझा कोड एक फेरी मारून निघून जायचा. चाचण्या पास झालेल्या, दुसऱ्या तपासनिसाचा होकार आलेला. एकटा शरणू अडून बसला होता. शेवटच्या फोनवर म्हणाला, "पहिल्या फेरीत जी पानं सुटली न्हाईत, त्यांचं काय? फिरून कोण बघणार हाय?"

मी म्हटलं, असं क्वचितच होईल.

"क्वचित म्हंजे हुतंय की."

मी दमलो होतो. विषय बदलला आणि फोन ठेवला.

काही आठवड्यांनी पुन्हा सोलापूरला गेलो, तेव्हा पॅच आत जायच्या बेतात होता. आता अडवणारं कुणी नव्हतं. वहिनी चहा ठेवत म्हणाल्या, "भाऊजी, ह्या कामापायी लई जीव काढला ह्यांनी. तपासणाऱ्यात ह्यांचं नाव लागंल न्हवं?"

एक ओळ तर टंकायची होती, कुणी विचारायलाही आलं नसतं. पण ती ओळ ज्याची त्यानं द्यायची असते, आणि त्यानं दिली नव्हती... त्याच्याच टेबलाशी बसलो आणि तो म्हणत होता ते करून पाहिलं. आभासी संगणकाला कप्प्याची मेमरी दोन तुकड्यांत दिली. मुख्य पान एका तुकड्यात, हाताखालची दुसऱ्यात. पहिला तुकडा आधी मोकळा व्हायला गेला, मुख्य पान अडकलं, आणि नंतर त्याच्याकडं फिरकायला कुणीच नव्हतं. यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत ते तसंच अडकून राहिलं. मला शरणूचा भयंकर राग आला, आणि त्याला फोन करून हे सांगता येत नाही म्हणून रडूही आलं.

मग दुसरी फेरी लिहिली. पॅचखाली त्याचं नाव दिलं, पण दोष दाखवणारा म्हणून. 'तपासला' या ओळीत नाही दिलं. वहिनींना तसं सांगितलं.

"म्हंजे हितंबी चूक काढणारेच ऱ्हायले की," म्हणाल्या, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी त्या वळसंगला सासूबाईंकडं निघाल्या. मी स्टँडपर्यंत सोडणार होतो. कुलूप लावून आम्ही खाली आलो, रिक्षात पिशव्या ठेवल्या, आणि त्या मधेच थांबल्या. किल्ली काढली. "थांबा भाऊजी, एकदा फिरून बघून येते."

त्या जिना चढू लागल्या. रिक्षावाला कुरकुरला. मी त्याला म्हटलं, थांबा जरा, ह्या घरात दोनदा बघतात.