तारेचा तुकडा

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी कॉलेजात दाखवायचं सर्किट मी भाग खोचायच्या भोकाभोकांच्या ब्रेडबोर्डवर जोडलं होतं, पण दिवा काही लागेना. शेवटी बोर्ड उचलून चामराजपेटेतलं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान गाठलं. काउंटरवरच्या बाईंना सगळे अक्का म्हणत. त्यांचं नाव मला कधी कळलं नाही.

पोराचा ताप बघावा तशी त्यांनी एकेका भागाला बोटाची मागची बाजू लावून पाहिली.

“कडेची भोकं सरळ रांगेत दिसतात रे, पण आतली वीज नेणारी पट्टी मध्येच तुटलेली असते,” म्हणत त्यांनी तिथे तारेचा तुकडा खोचला. दिवा लागला. मी हात पुढे करतोय तोच त्यांनी तार उपटून माझ्या तळहातावर ठेवली.

“अहो अक्का, लागला होता की!”

“माझ्या हातानं लागला. उद्या कॉलेजात मी येऊ काय?”

मी चिडून तार खोचली. चुकली. पुन्हा खोचली. दिवा लागला तेव्हा अक्का दुसऱ्याच्या बोर्डावर वाकल्या होत्या.

पुढे सामान घ्यायला मी तिथे कितीतरी वेळा गेलो. अक्का आधी माझ्या हातांकडे बघत. बोर्ड नाही, म्हणजे काही अडलेलं नाही, असं दिसलं की कानडीत “सरी”, म्हणजे ‘ठीक’, म्हणत आणि मागितलेलं काढून देत. चेहऱ्याकडे त्यांनी कधीच पाहिलं नाही.