पडद्याचा कॅमेरा तिला, बिनपडद्याचा मला

रिकामा हंडा घेऊन तुम्ही नळावर उभ्या आहात, केस विंचरलेले नाहीत, आणि त्याच क्षणी कुणी तुमचा फोटो काढून पत्रकावर छापला, तर तुम्ही त्याला लढा म्हणाल की चोरी?

त्या उन्हाळ्यात मला कुणी विचारलं असतं, तर मी लढा म्हणाले असते, तेही क्षणभर न थांबता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. गुजराती मुलखात कामाला आलेल्या खानदेशी मागवाल्यांची वस्ती म्हणजे लिंबायत; तिथल्या आमच्या खोलीत खाटेखाली धान्याचा डबा आणि पत्रकांचे गठ्ठे शेजारी शेजारी असायचे. अप्पा दिवसभर माग चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रक लिहायचे. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. मैद्याची खळ करून भिंतीवर पत्रक कसं चिकटवायचं, हे मला पोळी लाटण्याच्या आधी येत होतं. त्या वर्षी अप्पांनी पहिल्यांदा मजकूर माझ्यावर सोपवला. आमच्या गल्लीला एकच सार्वजनिक नळ होता, दुसरा हवा होता. मजकूर मी लिहिला आणि अप्पांनी त्यातला एकही शब्द खोडला नाही. मग म्हणाले, "या वेळी वर फोटो टाकू. आपल्या पत्रकावर आजवर फोटो आला नाही."

पहिला फोटो. तो माझाच असायला हवा होता. ज्या कागदावर माझे शब्द, त्याच्यावर फोटो दुसऱ्या कुणाचा? हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी मावसबहीण दोन कॅमेरे घेऊन आली.

ती शहराच्या दुसऱ्या बाजूला, भेस्तानला राहते. तिच्या घरात नळ स्वयंपाकघरात आहे. कापड मार्केटमध्ये एका साडीच्या पेढीवर ती कॉम्प्युटर चालवते, फोनवर गुजराती अशी बोलते की समोरच्याला ती खानदेशची वाटतच नाही. माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी, म्हणून आई मला तिला ताई म्हणायला लावते. मी म्हणत नाही. तिच्या शेठला साड्यांच्या डिझाइनचे फोटो कॉम्प्युटरवरून बाहेरगावी पाठवायचे होते. त्याने परदेशाहून दोन डिजिटल कॅमेरे मागवले होते आणि तिला सांगितलं होतं, दोन्ही वापरून बघ, कुठला ठेवायचा ते सांग. लोकांना पगार मिळतो आणि वर खेळणीही मिळतात. मला गल्लीच्या मजकुरासाठी शाईचे डाग मिळत होते.

तिने दोन्ही आमच्या खाटेवर मांडले. रीळ नको, धुवायला द्यायला नको, हे ऐकूनच आई दोनदा हात पुसून आली.

पहिला कॅमेरा जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्या पोटात कॉम्प्युटरची साधी फ्लॉपी जायची आणि पाठीवर छोटा रंगीत पडदा होता. फोटो काढला की आत घरघर व्हायची आणि फोटो लगेच पडद्यावर. दुसरा मुठीत मावणारा. त्याला पडदा नव्हता. डोळा लावायला काचेची बारीक खिडकी आणि किती फोटो उरले ते सांगणारा एक आकडा, बस. काय निघालं ते ऑफिसात वायर जोडल्यावरच कळणार.

"हा तू वापर," ती म्हणाली आणि मुठीएवढा माझ्या हातात ठेवला. "तुला साधाच बरा."

"आणि तुला?"

"मला पडदा लागतो गं. शेठला दाखवायचं असतं ना."

शेठ काय आमच्या नळावर येणार होता?

पण मी कॅमेरा घेतला. अप्पा म्हणाले, "दोघी काढा. जो बोलेल तो छापू." झालं. आता ही परीक्षा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नळावर. खरं सांगायचं तर पहिल्या तासात माझाच कॅमेरा सरस ठरला. ऊन चढलं तसा तिच्या पडद्यावर तिचंच तोंड दिसायला लागलं. डोळा लावायला खिडकी नाही, त्यामुळे समोर काय आहे ते तिला कळेना. शेवटी तिने ओढणी डोक्यावरून पुढे ओढली आणि कॅमेऱ्यासकट आत शिरली. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "पोरगी रडते की काय?" मला इतका आनंद झाला की मी तोही फोटो काढला.

माझा कॅमेरा डोळ्याला लावला की काम झालं. बटण दाबल्यावर तो किंचित उशिरा उघडायचा, तेवढं मी शिकून घेतलं. माणूस वाकायच्या जरा आधी दाबायचं. कुणाला पत्ताही लागत नव्हता. हंडे, कळशा, केरबे म्हणजे तेलाचे धुतलेले प्लॅस्टिकचे कॅन, त्यांच्यावरून चाललेलं भांडण, नळाच्या तोंडाखाली धरलेला हात. आणि आमच्या शेजारची काकू. कोरडा हंडा कमरेवर, मान नळाकडे, चेहरा असा की बघणाऱ्याला तहान लागावी. आकडा एकाने कमी झाला आणि मला कळलं, हाच.

तिकडे मात्र जत्रा भरली होती. तिने एक फोटो काढला, घरघर झाली, आणि तिने पडदा बायकांकडे वळवला. मग काय, रांग मोडली. "माले दखाड, माले दखाड!" एकीला पदर नीट हवा, एकीला डोळे मिटलेले नकोत. पुसून टाक म्हटलं की ती पुसायची आणि पुन्हा काढायची. "जो ने, केटलो सरस आव्यो!" बघ ना, किती छान आला, असं गुजरातीत म्हणत होती आणि बायका लाजत होत्या. जिला मी लहानपणापासून पाणी भरताना मदत केली, ती समोरच्या घरातली वहिनी तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे कुणी का येईल? माझ्या कॅमेऱ्यात दाखवायला काही नव्हतंच.

तिने ऑफिसात दोन्हीकडचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन साध्या कागदावर छापले आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी कॅमेऱ्यांसकट घेऊन आली. अप्पांनी ते खाटेवर पसरले. तिचे रंग जास्त लाल, माझे थोडे फिके. जवळून काढलेली साडी तिच्यात स्वच्छ, माझ्यात धुरकट. खोलीच्या आत ट्यूबलाइटखाली काढलेले दोघींचेही फोटो हिरवट. पण काकूचा फोटो वर आला तेव्हा अप्पांचा हात थांबला.

"हा बोलतो," ते म्हणाले.

मी मावसबहिणीकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती.

मग अप्पांनी तिचा सगळ्यात चांगला फोटो उचलला आणि हसायलाच लागले. सगळ्या बायका ओळीत, पदर नीट, चेहरे हसरे, आणि प्रत्येकीच्या कमरेवर काठोकाठ भरलेला हंडा. एकीचं तर पाणी सांडतही होतं.

"अगं, वर 'पाणी द्या' आणि खाली हे! साहेब म्हणतील, पाणी फार झालंय, आहे तो नळही बंद करा."

"त्या ऐकेचनात, काका," ती म्हणाली. "पडद्यावर रिकामे हंडे दिसले की पुसायला लावायच्या. म्हणे आधी भरू दे, मग काढ."

रिकामा हंडा घेतलेली बाई समोर येणं आमच्याकडे अशुभ. घराबाहेर निघालेला माणूस ती दिसली तर दोन पावलं मागे येतो. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पण पाण्याच्या टंचाईच्या फोटोत गल्लीभर बायका शुभ होऊन उभ्या राहतील, हे फक्त आमच्या गल्लीतच होऊ शकतं. मी पोट धरून हसले. जरा जास्तच हसले.

त्या हसण्यानेच काकू दारात आली. "काय व, फोटू उनात का?" फोटो आले का, असं विचारत तिने खाटेवर नजर टाकली आणि स्वतःला बघितलं. कमरेवर कोरडा हंडा घेतलेली.

"हाऊ कोन काढा?"

"मी."

"माले सांगं का?" तिचा आवाज वर गेला नाही, हेच वाईट. "घरमा लगीन शे व माय. पोरीच्या सासरी हा कागद जाईल. रिकामा हंडा घेऊन मी त्यांच्या दारात जाऊ?"

मी तिला समजावलं. अंधश्रद्धेवर दोन पत्रकं मी पाठ म्हणू शकते, त्यातलं सगळं सांगितलं. हंडा रिकामा आहे ही लाज नळ न देणाऱ्यांची, तुझी नाही, असंही म्हणाले. ते वाक्य चांगलं होतं, अजूनही मला आवडतं. काकू ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुनं खरं शे. पन मना फोटू नको."

मी अप्पांकडे बघितलं. ते माझ्या बाजूने बोलतील अशी माझी खात्री होती.

"तुझं म्हणणं बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "पण तोंड तिचं आहे."

आमच्याकडे नियम होता. पत्रकात कुणाची तक्रार त्याच्या नावाने छापायची तर आधी त्याला वाचून दाखवायची. तो 'हो' म्हणाला तरच ती कागदावर. मी म्हणाले, तो नियम शब्दांचा आहे, हा फोटो आहे, आणि माझ्या कॅमेऱ्याला पडदाच नाही तर मी दाखवू कुठून? अप्पांनी तो कागद घडी करून काकूच्या हातात दिला. तोच माझा सगळ्यात चांगला फोटो होता.

दुसऱ्या दिवशी मजकूर छापखान्यात जायचा होता आणि वरची जागा रिकामी. मला खोलीत बसवेना. मी बाहेर आले आणि नळापाशी थांबले. संध्याकाळचं पाणी यायला वेळ होता, तरी रांग लागलेली होती. फक्त भांड्यांची. बायका घरी, भांडी नंबर धरून. नळापासून कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीपर्यंत हंडे, कळशा, पत्र्याचे डबे, केरबे. चेपलेला हंडा वहिनीचा. कानाला लाल दोरा बांधलेला काकूचा. एकही माणूस नाही, आणि तरी सगळी गल्ली उभी होती.

मी धावत आत गेले, माझा कॅमेरा आणला, डोळ्याला लावला, बटण दाबलं. काही नाही. पेन्सिल सेल संपले होते. कॅमेरा लहान, पण सेल खायला राक्षस. जवळच्या दुकानात तसले सेल नव्हते.

आता सांगा, मी काय करायचं होतं? मी खोलीच्या दारात गेले आणि मावसबहिणीला म्हणाले, "ये. तुझा घेऊन ये."

कुठे उभं राहायचं ते मी तिला दाखवलं. पानाच्या गादीच्या फळीवर चढ, नळ मागे ठेव, रांग तुझ्याकडे येऊ दे. तिने ओढणी डोक्यावर घेतली, आत शिरली, बटण दाबलं. घरघर झाली. मग फळीवरून उतरून ती सरळ काकूच्या दाराशी गेली. हे मी सांगितलं नव्हतं. पडदा तिने काकूकडे वळवला.

"यामा मी नही ना?" काकूने विचारलं.

"नाही, मावशी. फक्त भांडी."

काकूने पडद्यावर हाताची सावली धरली. बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं. "हाऊ मना हंडा. लाल दोरावाला." आणि थोड्या वेळाने, "ऱ्हाऊ दे."

पत्रक छापून आलं. एरवी आमची पत्रकं संध्याकाळपर्यंत शेंगदाण्याच्या पुड्या होतात. हे झालं नाही. प्रत्येक घरात आपलं भांडं शोधलं गेलं. "हा आमचा केरबा!" "आणि आमची कळशी मागे का?" वहिनीने तर दाराच्या आतून चिकटवलं. मजकूर कुणी मोठ्याने वाचल्याचं मला आठवत नाही. सगळे एकच विचारायचे, फोटो कुणी काढला? आणि आई अभिमानाने सांगायची, "माझ्या बहिणीच्या मुलीने."

जागा मी शोधली. रांग मी बघितली. फळीवर तिला मी चढवलं. पण बोट तिचं होतं, आणि लोक बोट बघतात.

कॅमेरे परत जायच्या आधी तिने मला विचारलं, "शेठला काय सांगू? कुठला ठेवावा?" मी तिला खरं तेच सांगितलं. खिशात टाकून रोज फिरायचं तर माझा. उन्हात दिसतो, हलका आहे, पटकन निघतो. सेल मात्र सोबत ठेवावे लागतील. पण माणसांचे फोटो काढायचे असतील तर पडद्याचाच घ्या, कितीही जड असो. तिने ऐकलं, मान डोलावली, आणि शेठला हे सगळं स्वतःचं म्हणून सांगितलं असणार. पडद्याचा कॅमेरा तिच्या टेबलावर राहिला. अजून आहे. मार्केटमध्ये तिच्याकडे गेले की ती तो मला हातात धरायला देते, आणि मी धरते, आणि मला तो तिला परत द्यावासाच वाटत नाही.

दुसरा नळ अजून आलेला नाही. पुढचं पत्रकही मीच लिहिणार आहे आणि त्यावर फोटो माझा असेल, हे मी अप्पांना सांगून ठेवलं आहे.

तुमच्याकडून मला एवढंच हवं आहे. तुमच्या घरात, ऑफिसात, नातेवाइकांकडे असा पडद्याचा कॅमेरा आला, तर त्याचा पडदा आधी स्वतःकडे धरू नका. ज्याचा फोटो काढला त्याच्याकडे वळवा, आणि तो 'पुसून टाक' म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. आणि कॅमेरा बिनपडद्याचा असेल, माझ्या हातात होता तसा, तर बटण दाबण्याआधी तोंडाने विचारा.