लॉर्न टॅगर्टला लाल दिवा

विल्मा डायकस्ट्राने डूख धरला, तो कायमचा. का धरू नये? तिच्या दारासमोरच्या चौकात लॉर्न टॅगर्टच्या खाणीच्या ट्रकने तिच्या नवऱ्याला, हार्मला, उडवलं. मेला टॅगर्ट मयताला आला, हॅम सँडविच चापून गेला. पुढे विल्मा सिग्नल मागायला गेली, तर तोंड वर करून म्हणतो, "त्या चौकात रहदारी आहेच कुठे, बाई?"

टॅगर्ट आमच्या गावच्या कौन्सिलात. त्याने रहदारीची मोजणी लावली ती नेमकी मार्चात. बर्फ वितळून रस्ते भुसभुशीत झाले की जड गाड्यांना अर्धाच माल नेता येतो, म्हणून खाणीचे ट्रक तेव्हा उभेच असतात. खांबावरच्या कॅमेऱ्याने मोजायचं काय, डोंबल? सिग्नल नामंजूर झाला.

विल्मा रडली नाही. "याला मी त्याच चौकात उभा करीन," एवढंच म्हणाली.

भांडभांड भांडून तिने सप्टेंबरात फेरमोजणी मिळवली. कॅमेरा लावायला आलेल्या माणसाला आम्ही बटर टार्ट खायला घातले. तो हसत म्हणाला, "आमचं सॉफ्टवेअर गाड्या बरोबर ओळखतं हो. फक्त पिकअपला लांब ट्रेलर जोडला की त्याला तो ट्रकच वाटतो, आणि सिग्नल द्यायचा की नाही हे ट्रकच्या आकड्यावरच ठरतं."

विल्माने माझ्याकडे पाहिलं. "ट्रेलर कोणाकडे नाही गं इथे?"

अख्खं चर्च लोटलं. कोणी बोटीचा ट्रेलर जोडला, कोणी गवताचा. आमचे हे तेवढे अडून बसले. "ही फसवणूक आहे."

"मग मार्चात झाली ती काय प्रार्थना होती?" मी खेकसले. हे गुपचूप उठले आणि घोड्यांचा रिकामा ट्रेलर जोडून आले. आठवडाभर आम्ही त्या चौकाला घिरट्या घातल्या, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही.

सिग्नल लागला. पायी जाणाऱ्यांसाठी खांबाला बटणही आलं. रोज सकाळी टॅगर्टची गाडी उतारावर दिसली की विल्मा हार्मची टोपी घालून बटण दाबते. दिवा लाल होतो. मग ती सावकाश, अगदी सावकाश रस्ता ओलांडते आणि सगळा वेळ त्याच्याकडे बघत राहते.

परवा मी तिच्यासोबत होते. टॅगर्टने काच खाली केली. चेहरा पार उतरलेला.

"विल्मा, किती दिवस चालणार हे?"

"हार्म परत येईपर्यंत," ती म्हणाली, आणि पलीकडचं बटण दाबायला निघाली.