फुवांची बैठक

आमच्या फुवांना एका जागी बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या खानदेशात जन्माला आला नाही. फुवा म्हणजे माझ्या फुईचे, वडिलांच्या थोरल्या बहिणीचे, यजमान. मी गोष्टी फुगवून सांगतो असा माझ्यावर गावाचा आरोप आहे आणि तो खराही आहे. पण फुवांच्या बाबतीत फुगवायला जागाच उरत नाही. उलट लोकांना पटावं म्हणून मला हात आखडता घेऊन सांगावं लागतं.

ते जेवायला बसत असं म्हणणं चूक, ते जेवायला निघत. पहिली भाकर चुलीपाशी, दुसरी गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवता फिरवता, आणि ठेचा संपायचा तो पलीकडच्या गल्लीत. फुईला वाढायचं म्हणजे ताटाचा माग काढत जावं लागे. न्हावी त्यांची दाढी चालता चालता करी. एक गाल घरच्या ओट्यावर, दुसरा मारुतीच्या पारापाशी. घरचा कुत्रा त्यांच्यामागे फिरून इतका वाळला की शेवटी तो फुईकडे राहायला गेला. लग्नातसुद्धा अंतरपाट खाली झाला तेव्हा समोर नवरदेवच नव्हता, तो मांडवामागे वऱ्हाडाच्या बैलांचे नाल तपासत होता. फुईनं तशीच माळ हातात धरून त्याला गाठलं आणि बैलांशेजारीच त्याच्या गळ्यात घातली. "तवयपाशीन मी यासना मागेच पळी ऱ्हायनू," ती सांगायची, आणि हसायची.

एकदा शहाद्याच्या बाजारात फिरता फोटोवाला आला होता. काळ्या कापडाखाली डोकं घालून तो म्हणाला, "हलू नका." फोटोत खुर्ची सुंदर आली. खुर्चीचे पाय, वेताची वीण, सगळं स्पष्ट. फुवांच्या जागी नुसतं धुकं आलं. फुईनं तोच फोटो कुंकू लावून भिंतीला टांगला.

अशा माणसाला नाद कसला असावा? गळ टाकून मासे धरण्याचा! बरं, तापी जवळ होती, तीही चालेना. "नदी बी मन्हासारखीच शे," ते म्हणत, "एक जागे बठत नई. दोन फिरणारासनी गाठ पडस का?" त्यांना पाणी हवं ते बसलेलं. म्हणून ते शहाद्याहून निघून तो उभा डोंगर चढून तोरणमाळच्या तळ्यावर जात. तिथे कमळाच्या पानांखाली मरळ असते. मोठी, काळी, गुंडासारख्या तोंडाची. बेडकीवर झेप घालते, पण काठावर पाय वाजला की गेली. वीस वर्षं फुवा तळ्यावर जात होते आणि वीस वर्षं तळ्यातल्या मरळी त्यांचे पाय ओळखत होत्या. एकही मिळाली नव्हती.

मी सहा वर्षांचा असताना या मरळीवर माझं नशीब टांगलं गेलं. फुईला मूल नव्हतं. आमच्या खेड्यात शाळा नव्हती, शहाद्यात होती. फुईच्या मनात होतं की मला तिच्याकडेच ठेवावं, शिकवावं. तिनं वडिलांना विचारायच्या आधीच माझ्या मापाची गोधडी शिवून ठेवली होती. दिवाळीनंतर वडील मला घेऊन तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं विषय काढला. वडिलांनी फुवांकडे पाहिलं. ते तेवढ्यात तीनदा अंगणात जाऊन आले होते.

"बाई, तुन्हाकडे पोऱ्या शंभरदा ठेवसू," वडील म्हणाले. "पन दाजी तमाखू मळाले बी एक जागे बठतस नई. भरबाजारमा पोऱ्याले उभं करतीन नि निंघी जातीन."

फुईचं तोंड उतरलं. ते पाहून फुवा दारातूनच ओरडले, "शालकबुवा, मरळ धरी आनसू! पोऱ्याले संगे लई जास. बठाशिवाय मरळ मिळत नई, हाई तर तुम्हले मान्य शे ना?"

"मरळ आना," वडील म्हणाले, "पोऱ्या तुम्हना."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथून मी फुवांच्या खांद्यावर. वर मुक्काम करून सकाळी तळ्यावर पोचलो. थंडी अशी की माझे दातच ताशा वाजवत होते. फुवांनी बांबूची काठी काढली, गळाला बेडकी लावली, दोर पाण्यात सोडला आणि म्हणाले, "आते हालू नको हं." एवढं बोलून ते स्वतः उठले. इथे ऊन आहे, तिथे सावली आहे, त्या पानाखाली बुडबुडा आला, या दगडावर मुंग्या आहेत. दुपारपर्यंत आमच्या तळ्याला तीन प्रदक्षिणा झाल्या. देव असता तर पावला असता. मी काठी धरू का म्हणून विचारलं, तर माझ्या हातात देऊन परत घेईपर्यंत त्यांनी जागा बदलली होती. माझे पाय गळून गेले. शेवटी बेडकी बदलून, दोर पुन्हा सोडून काठी चिखलात रोवायला ते मांडी घालून टेकले, आणि त्यांनी उठायच्या आत मी त्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून घेतले.

मी वाट पाहत होतो, आता उठतील. उठले नाहीत. मांडी जात्यासारखी थरथरत होती. अंगठा वळवळत होता. त्यांच्या पोटातून कुठूनतरी गाडी सुटायच्या आधीसारखा सुस्कारा येत होता. पण मांडी जागची हलली नाही. एक मुंगी माझ्या कानावरून त्यांच्या गुडघ्यावर गेली, कडकडून चावली असणार, कारण फुवांनी दात आवळल्याचं मला ऐकू आलं. मला झोप मुळीच लागली नव्हती. पण जगात इतकी मऊ जागा असते हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि डोळे उघडले की ती उठून चालायला लागेल याची खात्री होती.

मग मिटल्या डोळ्यांनीच मला काठीची चाहूल लागली. शेजारी चिखलात रोवलेली होती, ती एकदम करकरली. पाण्यात धप्पकन असा आवाज झाला की म्हैस पडली वाटावी. फुवांनी नुसतं पुढे झुकून हात लांबवला असता तरी काठी हाती आली असती, मात्र माझं डोकं खाली गेलं असतं. मला वरून त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं, "हळू वं माय, हळू. पोऱ्या निजेल शे." काठी चिखलातून सुटली, सर्रकन पाण्यात गेली, आणि वीस वर्षांची मरळ ती ओढत तळ्याच्या मधोमध निघून गेल्याचं पाण्याच्या आवाजावरूनच कळलं. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

ऊन उतरल्यावर मी जागं होण्याचं सोंग केलं. फुवांचा पाय बधिर झाला होता. जन्मात पहिल्यांदा ते लंगडत चालले. घरी आलो तर वडील ओट्यावरच होते.

"काय दाजी, मरळ कथी?"

"मोठी व्हती. काठी लई गई."

"नि पाय?" वडील हसले. "नाच्यात ना तठे बी? काठी संभाळाई नई, तर पोऱ्या काय संभाळशात!"

फुवांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. खरं सांगितलं असतं तर मासा माझ्या झोपेपायी गेला असं झालं असतं. मी खरं सांगितलं असतं तर माझं सोंग उघडं पडलं असतं आणि वडिलांचा हात भारी होता. फुवा लंगडत अंगणात फिरायला गेले. फुईनं ती गोधडी माझ्याबरोबर गाडीत ठेवली.

त्यानंतर ते दर महिन्याला आमच्या खेड्यात येत, पायी. माझ्या डोक्यावर हात ठेवत, उभ्यानं पाणी पीत, आणि परत निघत. आई पाट मांडी, तो रिकामाच राही. मी मोठा झालो, मिशी आली, तरी तळ्याची गोष्ट माझ्या तोंडून निघाली नाही. आज सांगेन, पुढच्या फेरीला सांगेन, असं करता करता त्यांच्या फेऱ्या संपल्या. फुईच्या भिंतीवर तो धुक्याचा फोटो तेवढा राहिला.

तेव्हा फुवांना बसलेलं पाहिलेला माणूस खानदेशात नाही, हे मी सुरुवातीला म्हटलं त्यात तसूभरही फुगवलेलं नाही. ते बसले होते तेव्हा जवळ मी एकटाच होतो, आणि माझे डोळे मिटलेले होते.