काळ्या काचेआडची ॲनेट

इथे घंटा होत नाही, पडदा सरकत नाही. इथे आधी दिवे लागतात. दुबईच्या कडेला, शेवटची इमारत संपून वाळू सुरू होते तिथे एक मैदान आहे. शनिवारी सूर्य कलला की त्याच्या चार उंच खांबांवरचे दिवे हळूहळू जागे होतात. आधी जांभळट, मग पिवळे, मग डोळे दिपवणारे पांढरे. मगरिबची अजान विरते आणि एका बाजूने दुबईच्या बायका येतात, दुसऱ्या बाजूने अबुधाबीच्या. खांद्यांवर फुगीर कवचं, डोक्यावर हेल्मेट, तोंडापुढे जाळी. पौराणिक नाटकातलं सैन्यच जणू विंगेतून निघालंय! जवळ जाऊन पाहावं तर यात सैनिक एकही नाही. एक शाळेत गणित शिकवते, एक विमा विकते, आणि एक मघाशीच गाडीत डबा सांडला म्हणून नवऱ्यावर ओरडून आलेली असते.

यांचा फुटबॉल पायाने खेळायचा नव्हे. अमेरिकन लोकांनी इथे आणलेला हा लंबगोल चेंडूचा खेळ. चेंडू हातात घेऊन पळायचं नाहीतर पुढे फेकायचा, आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं. फेकणारीला क्वार्टरबॅक म्हणतात. सगळं नाटक तिच्याभोवती फिरतं. दुबईच्या टीमची ही नायिका म्हणजे आपली वसईची ॲनेट तुस्कानो; वय एकोणचाळीस, नोकरी हॉटेलच्या रिसेप्शनवर, बिऱ्हाड दुबईच्याच करामा भागात, जिन्याखाली उडप्याचं दुकान असलेल्या जुन्या बिल्डिंगमध्ये.

त्या शनिवारी ती सगळ्यांच्या शेवटी मैदानात उतरली आणि दोन्हीकडच्या गप्पा थांबल्या. तिच्या हेल्मेटच्या जाळीमागे काळी काच होती. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता काळा चकाकणारा चौकोन.

पहिली बोलली ती प्रज्ञा हिवराळे. मूळची अकोल्याची, अबुधाबीच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, आणि मैदानावर अबुधाबीची शेवटची भिंत. ॲनेट चेंडू कुठे फेकणार ते ओळखायचं आणि मध्येच झडप घालून तो पळवायचा, हे तिचं काम.

"काऊन गं ॲनेट? तोंड काळं करून आलीस?"

"डॉक्टरने लावायला सांगितलंय."

"डॉक्टर माझ्याकडे ढिगाने आहेत! हम्मादभाई, ऑब्जेक्शन! हिचे डोळेच दिसत नाहीत, मी खेळू कशी? हे अनफेअर आहे."

हम्माद हा पंच. इथलाच, शारजाचा, शांत माणूस, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलतो. त्याने काच वाकून पाहिली, दाढी खाजवली आणि सांगितलं, "आज नको. गुरुवारी बसू, दोघींचं ऐकू. फायनलच्या आधी फैसला."

हेल्मेट काढून ॲनेट बाकावर जाऊन बसली. दिव्यांचा उजेड डोळ्यांत घुसताच तिने रुमाल डोळ्यांवर धरला. बाकावरच्या मुलींना वाटलं, रडतेय. रडणं तिने कधीच संपवलं होतं. तेव्हा फक्त उजेड सोसत नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात कॉन्टॅक्ट लेन्समुळे तिच्या उजव्या डोळ्याला जंतुसंसर्ग झाला. बुबुळावर व्रण राहिला. दिसतं व्यवस्थित, पण झगझगीत दिवा समोर आला की त्याच्या सुया होतात. सीझनभर ती तशीच खेळली, शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "मैदानावर जायचं असेल तर काळी काच. नाहीतर खेळ विसरा." आणि खेळ विसरणं तिला जमणारं नव्हतं. दिवसभर परक्यांपुढे हसून "वेलकम सर" म्हणणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा बेंबीच्या देठापासून ओरडायला मिळायचं ते याच मैदानावर. तिथे ती कोणाची मिसेस नव्हती, कोणाची ममा नव्हती. तिथे तिच्या हाताकडे बघून अख्खी टीम पळायची.

घरी तिची तेरा वर्षांची ॲना म्हणाली, "ममा, इट्स ओन्ली अ गेम."

"तुझा फोन पण ओन्ली अ फोन आहे. देऊ काढून?"

"दॅट्स डिफरन्ट!"

नवरा पॅट्रिक हॉटेलात शेफ. त्याने जेवताना तिच्या ताटात माशाचा मधला तुकडा सरकवला. त्याच्या भाषेत ते पुष्कळ होतं.

खरी पंचाईत मात्र वेगळीच होती, आणि ती ॲनेटखेरीज एकाच बाईला ठाऊक होती. ती सुमैय्या, हैदराबादची. ॲनेटने फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारी. बुधवारी संध्याकाळी ती करामात चहाला आली आणि दार लावून कुजबुजली, "देख, वो बात मत बोलना. कसम से. डॉक्टर का बोल, आँख का बोल, रो ले थोड़ा. पर वो बात नहीं."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तो ये फायनल मत खेल. राज़ तो बचेगा! आँख ठीक होगी तो अगले साल..."

"डोळा सुधारणार नाही, सुमैय्या. आणि पुढच्या वर्षी मी चाळीशीची."

सुमैय्याने कप खाली ठेवला.

गुरुवारी करामातल्याच एका मल्याळी कॅफेटेरियात बैठक बसली. कोपऱ्यातलं टेबल, चौघांपुढे कडक चहा, मध्ये लिंबांची वाटी. हम्मादने आधी आपलं सांगितलं. काळ्या काचेला मनाई आहे ती मूळ एका कारणाने: डोक्याला मार बसला तर डॉक्टरला खेळाडूचे डोळे लगेच दिसले पाहिजेत. ॲनेटने हेल्मेट टेबलावर ठेवलं, दोन बोटांनी दोन खटके दाबले आणि काच हातात आली. हम्मादने स्वतः तीनदा काढून पाहिली. "ये हो गया," तो म्हणाला. "अब इन्साफ का सवाल. प्रज्ञा सिस्टर, बोलो."

प्रज्ञा तयारीनिशी आली होती, आणि ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "हम्मादभाई, फेकणारी जिथे फेकणार तिथे आधी बघते. माझा अर्धा गेम तिच्या डोळ्यांवर आहे. तीन वर्षं मी हिचे डोळे वाचतेय. आता काळी काच लावली तर मी भिंतीशी खेळायचं का? डोळ्यांचं मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण फायदा तो फायदाच नं!"

हम्मादने मान डोलावली. मुद्दा रास्त होता. सुमैय्याने टेबलाखालून ॲनेटचा पाय दाबला.

ॲनेटने चहाचा घोट घेतला. मग अगदी रिसेप्शनवरच्या आवाजात, गोड आणि धीम्या, तिने विचारलं, "प्रज्ञा, तीन वर्षांत माझे किती बॉल पळवलेस?"

प्रज्ञा चमच्याने चहा ढवळायला लागली.

"सांग नं."

"एकही नाही," प्रज्ञा म्हणाली. "तू लकी आहेस."

"मी लकी नाही. तू माझे डोळे बघत होतीस, म्हणून."

सुमैय्याने कपाळावर हात मारला. "मर गए."

ॲनेटने वाटीतलं एक लिंबू उचललं. "तू बस तिथेच. सुमैय्या माझ्या उजवीला आहे, हम्मादभाई डावीकडे. मी कोणाकडे फेकते ते बघ आणि मध्येच पकड."

तिने हम्मादकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. भुवई किंचित उचलली, जणू त्याला म्हणतेय की तयार राहा. प्रज्ञाचा हात विजेसारखा डावीकडे गेला. लिंबू उजवीकडे सुमैय्याच्या ओंजळीत टपकलं.

"परत," प्रज्ञा म्हणाली.

परत तेच. आता ॲनेट सुमैय्याकडे बघून ओठांच्या कोपऱ्यात हसली आणि लिंबू हम्मादच्या मांडीवर पडलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे टॅक्सीवाले जेवण सोडून बघायला लागले. प्रज्ञाचा हात अजून हवेतच होता, चुकीच्या बाजूला.

हे ती कुठे शिकली? कुठल्याही कोचने शिकवलेलं नव्हतं. पंधरा वर्षं ती हॉटेलच्या काउंटरमागे उभी होती. समोर एक पाहुणा खोलीवरून चिडलेला, शेजारी दुसरा घाईत, मागे फोन वाजतोय. अशा वेळी डोळे चिडलेल्यावर ठेवायचे, असे की त्याला वाटावं जगात आपल्याशिवाय कोणी नाही. आणि हात मात्र घाईतल्या पाहुण्याचं कार्ड सरकवत असतात. उत्तम नट टाळी घेतो डोळ्यांच्या जोरावर; ॲनेट तर त्याच डोळ्यांवर रोजचा पगार घेत होती. मैदानावर आली तेव्हा ती कला तिच्या मागोमाग आली, एवढंच.

"आता हम्मादभाई, तुमचा गॉगल द्या."

हम्मादने खिशातला गॉगल दिला. तिने तो चढवला, लिंबू फेकलं. प्रज्ञाने ते सहज हवेत पकडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा पकडलं. आता तिला बघायला डोळे नव्हते, म्हणून ती खांदा बघत होती, कोपर बघत होती, आणि खांद्याला खोटं बोलता येत नव्हतं.

हम्माद हसायला लागला. खांदे हलेपर्यंत हसला. "खलास," तो म्हणाला. "काच चलेगा. इसमें फायदा अगर किसी का है तो सिस्टर, तुम्हारा है."

प्रज्ञाने लिंबू टेबलावर ठेवलं. "तीन वर्षं मला उल्लू बनवलंस?"

"उल्लू नाही गं. फक्त दुसरीकडे पाठवत होते."

"नालायक आहेस." पण ती हसत होती, आणि हसता हसता तिने ॲनेटच्या चहाचेही पैसे दिले.

बाहेर आल्यावर सुमैय्या मेट्रोपर्यंत बडबडत होती. "अपने हाथ से दे दिया! सब दे दिया!" आपण काय दिलं ते ॲनेटला पुरतं कळत होतं. ज्या विद्येवर आजवर जिंकलो ती काढून ठेवून, मगच आपल्याला मैदानात पाय ठेवता येणार. मागच्या दाराने आलेली ती बाई नव्हती. आपल्या जागेची पुरेपूर किंमत मोजून ती येणार होती. रंगमंच कसा असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की मुखवटा चढवला की नटाचा चेहरा संपतो, आणि मग उभं राहावं लागतं ते नुसत्या कण्यावर. भल्याभल्यांची तिथे फे फे उडते.

फायनलच्या संध्याकाळी ती कण्यावर उभी राहिली. काळी काच लावून मैदानात उतरली तेव्हा तिच्या टीमने टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडून प्रज्ञानेही. खेळ अटीतटीचा झाला. ॲनेट एरवीपेक्षा जोरात फेकत होती, लवकर फेकत होती, पडत होती, उठत होती, गुडघा सोलवटून घेत होती. डोळ्यांचं काम आता हाताने करायचं, आणि हातानेही तिला निराश केलं नाही. बघणारा पॅट्रिक दर वेळी ती पडली की उभा राहायचा आणि ती उठली की बसायचा. "डॅड, सिट डाउन," ॲना ओरडायची आणि स्वतःच उभी असायची.

शेवटचा डाव. दुबईला एक चेंडू सुमैय्यापर्यंत पोहोचवायचा होता. पोहोचला की करंडक. ॲनेटने डावा खांदा वळवला. काय वळवला! अख्ख्या अंगाने खोटं बोलली ती. गुडघ्याने, कमरेने, हेल्मेटनेही. प्रज्ञा एक पाऊल डावीकडे गेलीच. आणि थांबली; ॲनेटचं कोपर मात्र उजवीकडे वळलेलं तिला दिसलं होतं. पाय उलटे रोवून ती फिरली, उडी मारली, आणि उजवीकडे सुमैय्याकडे निघालेला तो चेंडू छातीशी घट्ट धरूनच खाली आली.

अबुधाबी जिंकली. सुमैय्या जमिनीवर बसून राहिली. ॲनेटने आधी तिला उठवलं, मग मैदान ओलांडून प्रज्ञाकडे गेली आणि तिचं हेल्मेट दोन्ही हातांत धरून आपल्या हेल्मेटवर टणकन आपटलं. इथली गळाभेट अशीच असते.

नंतर रिवाजाप्रमाणे पॅट्रिकच्या गाडीची डिकी उघडली. आत मोठ्या डब्यात कापडाखाली फुग्या होत्या. नारळाचं दूध, अंडं घालून मळलेल्या, तळून टम्म फुगलेल्या, वसईतल्या लग्नाच्या आदल्या दिवशी असतात तशा. जिंकलेल्या आणि हरलेल्या एकाच डब्यात हात घालत होत्या. ॲनेट दिव्यांकडे पाठ करून डिकीच्या कडेवर बसली होती, डोळ्यांवर गॉगल, गुडघ्यावर बर्फ. प्रज्ञा करंडक काखेत मारून शेजारी येऊन टेकली.

"खरं सांग," प्रज्ञा हळूच म्हणाली, "ती काच नसती, तर आजचा बॉल मला मिळाला असता?"

ॲनेटने गॉगल कपाळावर सरकवला. उजवा डोळा पाणावून लाल झाला होता, तरी तिने तो मिटला नाही. दोन्ही डोळ्यांनी सरळ प्रज्ञाकडे पाहिलं, आणि या वेळी दुसरीकडे कुठेच नाही.

"जन्मात नसता मिळाला. खा आता, गार होतायत."