सीटखालची संत्री

आज नागपुरात, धरमपेठेतल्या घरी संत्रं सोललं आणि वासासरशी नवऱ्यावरचा जुना राग उसळला.

आफ्रिकेच्या जंगलात आम्ही दोघं तंबू घेऊन, स्वतःच गाडी चालवत फिरत होतो. "संत्री आत नेऊ नका, हत्ती वासावर येतात," असं फाटकावर बजावलं होतं. तरी यांनी पिशवीभर माझ्या सीटखाली लपवली. म्हणे, नागपूरच्या संत्र्याशी चव ताडून पाहायची!

सकाळी गाडीत बसलो, तर माझ्या खिडकीतून सोंड आत आली. हे माझ्यावर आडवे झाले, कोपर माझ्या गालात रुतलं. "हलू नको वं, खाऊ दे त्याले." पिशवी संपवून हत्ती गेला. मी दोन दिवस बोलले नाही.

यांची पाठ तेव्हा सोंडेकडे होती, हे आज लक्षात आलं. तसं सांगितलं, तर म्हणतात, "मले तं एकही संत्रं चाखाले नाही भेटलं वं!"